गडावरची खापरी दरीत टाकू नका: रोजच्या वस्तू ओळखण्याची, नोंदवण्याची आणि जपण्याची रीत

उन्हाळ्यात गडावरचे टाके उपसायला घेतले की माणसांची साखळी लागते आणि घमेली हातोहात वर येऊ लागतात. गाळ, पालापाचोळा, निखळलेले दगड, प्लास्टिकच्या बाटल्या आणि मधूनच बोटाएवढी तांबडी खापरी. कुणीतरी ती उलटसुलट करून बघते आणि पुन्हा घमेल्यात टाकते. घमेले दरीत रिकामे होते. तोफेचा गोळा निघाला की मात्र काम थांबते, सगळे भोवती जमतात, फोटो काढतात.

गोळ्याचा आनंद मलाही होतो. पण दरीत गेलेल्या खापऱ्यांच्या आठवणीने मी अनेकदा अस्वस्थ होऊन गड उतरलो आहे. गडावर लढाई कित्येक वर्षांतून एखादी होई, चूल मात्र रोज पेटे. पहारेकरी, त्याची बायको, पाणक्या, लोहार, गवंडी, सबनिसाच्या हाताखालचा कारकून यांची नावे बखरींत सापडत नाहीत. त्यांचे जे काही उरले आहे ते याच गाळात आणि मातीत आहे, आणि तिथून ते एकदाच उचलता येते.

श्रमदानाला जाणाऱ्यांनी अशा वेळी नेमके काय करायचे, ते इथे क्रमाने लिहितो. उत्खनन कसे करावे हे यात नाही. ते काम परवाना असलेल्या पुरातत्त्वज्ञांचे. टाके उपसताना, वाट मोकळी करताना, जोत्यावरची झुडपे काढताना आपोआप जे हाती येते, तेवढ्यापुरतीच ही रीत आहे.

पायरी १: गड कुणाच्या देखरेखीखाली आहे ते आधी पाहा

किल्ल्यांचे साधारण तीन प्रकार पडतात. काही केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहेत, काही राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे, आणि बरेचसे कोणत्याच यादीत नाहीत. हे तिसऱ्या प्रकारचे गड बहुतेक वनखात्याच्या, महसूल खात्याच्या किंवा खासगी जमिनीवर असतात. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांतही ही वाटणी दिसते. शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे आठ केंद्राकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याकडे.

केंद्राच्या किल्ल्यांना प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा लागू होतो, राज्याच्या किल्ल्यांना तसाच राज्याचा १९६० चा. संरक्षित गडावर लेखी परवानगीशिवाय कुदळ चालवणे गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. परवानगीच्या अर्जात गाळ किती खोलपर्यंत काढणार आणि तो कुठे टाकणार हे लिहा. कामाच्या दिवशी विभागाचा माणूस हजर राहावा अशी विनंतीही त्याच अर्जात करा. असंरक्षित गडावर जमीन ज्यांची आहे त्यांची परवानगी घ्या, आणि ग्रामपंचायतीला कळवा.

पायरी २: सामान

टिकाव-फावड्याबरोबर एक वेगळी पेटी ठेवा. तिच्यात मोजायचा टेप, दहा सेंटिमीटरची पट्टी, वही आणि शिसपेन्सिल, पक्क्या शाईचा मार्कर, लहान-मोठ्या झिपच्या पिशव्या, मऊ ब्रश, बांबूच्या दोन-तीन कामट्या, झाकणाचे दोन डबे आणि वाळू चाळायची बारीक चाळण एवढे असले की पुरे. शाईचे पेन नको, गडावरच्या दमट हवेत अक्षर फुटते.

एका माणसाला दिवसभर फक्त नोंदीचे काम द्या. त्याने घमेले उचलायचे नाही. हे गटाला सुरुवातीला पटत नाही, कारण हात आधीच कमी असतात. पण ज्या दिवशी नोंदवहीला स्वतंत्र माणूस नसतो त्या दिवशीची वही कोरी राहते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

पायरी ३: वस्तू कुठे सापडतील याचा अंदाज

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या स्वच्छतेबद्दल एक बारीक सूचना आहे. केर गडाखाली टाकू नये, जागच्या जागी जाळावा, त्याची राख परसात टाकावी आणि तिथे घरोघर भाजीपाला करावा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची ही आज्ञा आज आपल्याला वाट दाखवते. फुटकी मडकी, फुटक्या बांगड्या, हाडे, मोडके खिळे हे सगळे केराबरोबर घरामागे जाई. त्यामुळे जोत्याच्या मागच्या अंगाला करडी, भुसभुशीत, कोळशाचे कण असलेली माती दिसली तर तिथे फावडे लावू नका. तो तुमच्या दृष्टीने कचरा असला तरी पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने गडावरची सर्वांत श्रीमंत जागा आहे. खूण करा, फोटो घ्या, विभागाला कळवा आणि पुढे जा.

दरवाजाच्या देवड्या म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा, बुरुजावरच्या पहाऱ्याच्या जागा, शौचकूप आणि तटाखालचा उतार या दुसऱ्या जागा.

टाक्याचा न्याय वेगळा. टाकी वापरात असताना वेळोवेळी उपसली जात. म्हणून तळाच्या गाळातल्या वस्तू बहुधा शेवटच्या सफाईनंतरच्या असतात, म्हणजे गडावरच्या शेवटच्या वस्तीच्या. टाके सातवाहन काळात खोदलेले असले तरी त्यातली घागर सातवाहनांची ठरत नाही. ही गल्लत फार होते.

पायरी ४: गाळ थराथराने काढा

टाक्याचे चार भाग कल्पा: पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. गाळ साधारण एकेक फूट खाली उतरत काढा. प्रत्येक फुटाचा गाळ दरीत न टाकता परवानगीत ठरलेल्या जागी वेगळ्या ढिगात टाका आणि ढिगापाशी पाटी लावा: «पश्चिम, दुसरा फूट». ढीग थोडा सुकला की चाळा. मणी, कवड्या, बंदुकीच्या गोळ्या, बांगड्यांचे तुकडे फावड्याला दिसत नाहीत, ते चाळणीतच उरतात.

पायरी ५: वस्तू दिसली की

हात लावण्याआधी फोटो. पहिला फोटो लांबून, ज्यात टाक्याचा काठ किंवा तटाचा कोपरा ओळखू येईल. दुसरा जवळून, बाजूला पट्टी ठेवून. मग एखाद्या न हलणाऱ्या जागेपासून अंतर आणि वरून खोली मोजा. मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपा, पण त्यावरच विसंबू नका, कड्याच्या आडोशाला तो काही मीटरने चुकतो. त्यानंतरच वस्तू उचला, आणि उचलताना ओढू नका. भोवतीची माती कामटीने सैल करा. पिशवीत वस्तूबरोबर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घाला आणि तोच मजकूर पिशवीवर मार्करने लिहा. गड, टाके, भाग, फूट, तारीख, क्रमांक एवढा मजकूर हवाच. जागा न लिहिलेली वस्तू संग्रहालयात शोभेला राहते, तिच्याकडून इतिहास काढता येत नाही.

जिथे वस्तू मोठी आहे, उदाहरणार्थ जाते, उखळ, दगडी ढोणी, तिथे ती हलवूच नका. मोजमाप आणि फोटो पुरेत.

पायरी ६: धोका ओळखा

दगडी गोळा आणि भरीव लोखंडी गोळा निरुपद्रवी असतात. पोकळ गोळा मात्र तसा नसतो. उखळी तोफांमधून डागलेल्या गोळ्यांत दारू भरलेली असे आणि वातीसाठी एक भोक ठेवलेले असे. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगडावर असा मारा केला होता. लोखंडी गोळ्याला भोक दिसले, बूच दिसले, किंवा आकाराच्या मानाने तो हलका भासला, तर तो हातात घेऊन पाहू नका, पहार लावू नका, शेकोटीजवळ तर मुळीच नेऊ नका. माणसे मागे घ्या आणि पोलिसांना कळवा. ते बॉम्बशोधक पथक बोलावतात.

कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगरच्या किल्ल्यात २०१८ साली एका कोरड्या विहिरीतून टिपूच्या काळातले हजारावर अग्निबाण निघाले. लोखंडी नळ्यांत दारू अजून होती, आणि विहिरीतल्या मातीला दारूचा वास येत होता म्हणूनच तिथे खणायचे ठरले. गाळाला वेगळा वास आला तर तोही वहीत लिहा.

पायरी ७: ओळख

*खापऱ्या.* सगळ्यात आधी चार ढीग करा: काठ, बूड, तोटी-कान-मूठ, आणि पोटाचे साधे तुकडे. पहिल्या तीन ढिगांतून भांडे कळते. पुठ्ठ्यावर एकात एक वर्तुळे काढा, दोन-दोन सेंटिमीटरच्या फरकाने. काठाची खापरी त्यांवर ठेवून कोणत्या वर्तुळाशी जुळते ते पाहा. तोंड अरुंद आणि काठ बाहेर वळलेला असेल तर पाण्याची घागर, तोंड रुंद आणि बाहेरून काजळी असेल तर हंडी, काठ तळहाताएवढा जाड असेल तर रांजण. काजळी घासून काढू नका. ती त्या चुलीची आहे, आणि आतल्या बाजूला चिकटलेल्या करपलेल्या थरातून प्रयोगशाळेत अन्नाचाही माग काढता येतो.

निळी नक्षी असलेली पांढरी खापरी खरी चिनी की साधी काचलेपाची, हे तुटलेल्या कडेवरून कळते. चिनी मातीची कड पांढरी, घट्ट, काचेसारखी असते आणि पातळ तुकडा उन्हात धरला तर उजेड आरपार येतो. काचलेपाच्या साध्या भांड्याची कड तांबूस किंवा पिवळट आणि सच्छिद्र दिसते. चौलसारख्या बंदरांतून असा माल घाटावर चढे. म्हणून डोंगरी किल्ल्यावर चिनी खापरी मिळाली तर ती कोणत्या जोत्यापाशी मिळाली याला फार महत्त्व आहे. सदरेवर आणि शिबंदीच्या, म्हणजे गडावरच्या शिपायांच्या, घरात जेवायची भांडी एकसारखी नव्हती.

*चिलीम आणि हुक्का.* भाजक्या मातीची लहान, पोकळ, तळाशी भोक असलेली वस्तू ही बहुधा चिलीम. आतून काळी असते. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे आली आणि १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग याने ती विजापूरहून अकबराच्या दरबारात नेली. म्हणून ज्या थरात तंबाखूची चिलीम आहे तो थर साधारणपणे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धाआधीचा नसतो. रात्रीच्या पहाऱ्यावरचा माणूस काय करत असेल, याचे उत्तर देवड्यांच्या कोपऱ्यात मिळते.

*पणत्या.* लहान, उथळ, चोच काढलेल्या. चोचीला काजळी पाहा. शिवाजी महाराजांनी १६७३ साली चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात नेतील आणि गवताला आग लागेल, अशी काळजी त्यात आहे. गवताच्या गंजी, दारूचे कोठार आणि उघडी वात हे तिन्ही जिथे शेजारी होते, तिथे सापडलेली पणती मी तरी साधी वस्तू मानत नाही.

*कौले.* अर्धगोल, हाताने थापलेले, आतून बोटांच्या रेघा असलेले कौल जुने. चपटे, खाचांचे, मागे कारखान्याचा ठसा असलेले ते मंगळुरी. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. ज्या ढिगात मंगळुरी कौल आहे तो ढीग त्यानंतर कधीतरी पडला, मग त्यात शिवराई हे तांब्याचे मराठा नाणे का असेना.

*बांगड्या.* काचेच्या बांगड्यांचे तुकडे सर्वांत जास्त हुकतात. ते हिरवे, काळे, निळे, कधी दोन-तीन रंगांच्या काचेचे असतात. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीच्या १९४५–४६ च्या उत्खननात बहमनी काळातल्या काचेच्या बांगड्या भरपूर मिळाल्या, तेव्हापासून दख्खनच्या मध्ययुगीन थरांची ही एक नेहमीची ओळख झाली आहे. तुकडा वर्तुळांच्या त्याच पुठ्ठ्यावर ठेवा, आतला व्यास कळतो. अगदी लहान व्यासाची बांगडी मुलीची असते. गडावर बायका आणि मुले राहत होती हे आपण मान्य करतो, पण त्यांना गडाच्या नकाशावर एखादी जागा देतो ती हीच काच.

*नाणी.* शिवराईवर एका बाजूला «श्री राजा शिव», दुसऱ्या बाजूला «छत्रपति» आणि कडेला ठिपके असतात. पण शिवराया पेशवाईतही पाडल्या जात होत्या. शिवराई मिळाली म्हणजे थर शिवकालीन, असे लिहू नका. अक्षरांमध्ये दोन आडव्या रेषा असतील तर ती दुदांडी, म्हणजे बरीच उत्तरकालीन. एका बाजूला तराजू आणि फारसी लिपीत «अदल» असेल तर ते मुंबई इलाख्याचे कंपनी सरकारचे नाणे.

*शिसे, गारगोटी, लोखंड.* बंदुकीची शिशाची गोळी पांढुरकी आणि आकाराच्या मानाने जड असते. गोल असून साच्याची रेघ दिसत असेल तर ती न झाडलेली, कदाचित गडावरच ओतलेली. चपटी झाली असेल तर ती कशावर तरी आदळली आहे. दोन्ही वेगळ्या नोंदवा आणि जागा नकाशावर टाका. चकमकीच्या बंदुकीची गारगोटी ओळखताना सावध राहा, आपल्या बेसाल्टमध्ये गारगोट्या निसर्गतःच असतात. तासलेली चौकोनी धार असेल तरच वेगळी ठेवा. फेसाळ, जड, काळपट ढेकूळ म्हणजे लोहाराची मळी. ती जिथे भरपूर असेल तिथे भाता होता.

*खेळ.* कवड्या, खापरी घासून केलेल्या गोल चकत्या, आणि कातळावर कोरलेले नवकंकरी, वाघ-बकरी, मंकळ्याचे पट. कातळातला पट खडूने किंवा रंगाने भरून फोटो काढू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन आले की तो आपोआप उठून दिसतो.

*लाकूड, चामडे, दोर.* आपल्या हवेत हे सहसा टिकत नाही. पण बारमाही पाण्याच्या टाक्यात, तळाच्या काळ्या, वास मारणाऱ्या गाळात हवा पोचत नाही, आणि तिथे काहीही असू शकते. इंग्लंडच्या उत्तरेला व्हिंडोलांडा नावाचा रोमन सैन्याचा किल्ला आहे. तिथल्या अशाच ओल्या, हवाबंद चिखलातून चामड्याचे हजारो जोडे निघाले, त्यांत बायकांचे आणि मुलांचेही. १९७३ पासून तिथे शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या मिळू लागल्या, आणि त्यांतल्या एकीवर तर वाढदिवसाचे आमंत्रण आहे. असा गाळ लागला आणि त्यात लाकूड किंवा चामडे दिसले तर ते उन्हात ठेवू नका, तासाभरात ते तडकते. त्याच टाक्याच्या पाण्यात झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा, थंड सावलीत न्या, आणि त्याच दिवशी विभागाला फोन करा.

पायरी ८: साफ करण्याचा मोह आवरा

एका गडावर आमच्यातल्या एका उत्साही मुलाने तांब्याचे नाणे दुपारच्या जेवणातल्या चिंचेच्या कोळाने घासले. ते लखलखीत झाले. सकाळी फोटोत दिसत असलेली दोन अक्षरे त्यावर उरली नाहीत. त्याला वाईट वाटले ते मी विसरलेलो नाही, आणि त्याला आधी सांगितले नव्हते ही चूक आमची होती.

चिंच, लिंबू, राख, पितांबरी, खोबरेल, रॉकेल यांतले काहीही लावायचे नाही. तांब्यावरचा हिरवा थर आणि लोखंडावरचा गंज यांच्या आतच मूळ पृष्ठभागाचे उरलेले रूप असते. भाजक्या मातीच्या पक्क्या खापऱ्या मऊ ब्रशने साध्या पाण्यात धुवायला हरकत नाही. मात्र काजळी, रंग किंवा आतला थर असलेल्या खापऱ्यांना पाणी लावू नका. धातू कोरडे ठेवा, पिशवीला टाचणीने दोन भोके पाडा म्हणजे आत घाम धरणार नाही. नाणी एकत्र चिकटलेली असतील तर वेगळी करू नका.

पायरी ९: सुपूर्द करणे

१८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची मौल्यवान वस्तू मिळाली की शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते: काय मिळाले, अंदाजे किती किमतीचे, कुठे आणि कधी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची. गटाच्या कार्यालयात, देवळात किंवा कुणाच्या दिवाणखान्यात «सुरक्षित» ठेवलेली वस्तू कायद्याने सुरक्षित नसते.

जागेवरच पंचनामा करा. पुरातत्त्व विभागाचा माणूस असेल तर उत्तम, नसेल तर तलाठी, पोलीस पाटील आणि गावातले दोन जण. यादीत प्रत्येक पिशवीचा क्रमांक लिहा, फोटो जोडा, पोच घ्या, तीन प्रती करा. एक विभागाला, एक ग्रामपंचायतीला, एक तुमच्याकडे. समाजमाध्यमावर फोटो टाकायची घाई नको. धातूशोधक यंत्र घेऊन रात्री गडावर जाणारे लोक असे फोटो शोधतच असतात.

पायरी १०: ढीग वाचणे

एकटी वस्तू फार थोडे सांगते, शेजार सगळे सांगतो. एका ढिगातली सर्वांत नवी वस्तू त्या ढिगाचे वय ठरवते. म्हणून हातकौल, हंडी, चिलीम, शिवराई आणि गोटीसोड्याच्या बाटलीची मान एकाच ढिगात असेल तर तो ढीग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा किंवा नंतरचा, कारण तसल्या बाटलीचे पेटंट १८७२ चे. पुरंदरावर इंग्रजांनी आजारी सैनिकांसाठी आरोग्यधाम चालवले होते, तिथे विलायती बाटल्या आणि बटणे मिळणारच. त्याही फेकू नका, तेही गडावर राहिलेलेच लोक.

रायगडावर १८१८ च्या माऱ्यात आग लागली. असा जळिताचा थर, म्हणजे कोळसा, भाजून लाल झालेली माती, वितळलेल्या धातूचे थेंब, ही पुस्तकातल्या पानावरच्या तारखेसारखी खूण असते. जो भाग कुणी ढवळलेला नाही तिथे त्याखालचे सारे आगीच्या आधीचे. तसा थर टाके किंवा वाट साफ करताना दिसला तर तिथेच थांबा. त्या जागेवर पुढचे काम तुमचे नाही.

पावसाळ्यात गडावर काम बंद असते, तेव्हा विभागाकडे जाऊन सुपूर्द केलेल्या खापऱ्यांवर क्रमांक टाकायला मदत मागा. बहुतेक ठिकाणी माणसे कमीच असतात. खापरीच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, बारीक अक्षरात क्रमांक लिहायचा असतो. ते शिकवतील तसेच करा. क्रमांक पडले की काठ एका टेबलावर मांडा आणि जुळवायला बसा. पश्चिम भागातल्या दुसऱ्या फुटाचा काठ पूर्वेच्या चौथ्या फुटातल्या तुकड्याशी जुळला, तर लगेच वहीत लिहा. ती घागर एकाच वेळी फुटलेली आहे आणि मधला गाळ कुणीतरी आधी ढवळलेला आहे.